पडदा रंगवणाऱ्यांचा काळोख

१९२० सालच्या फेब्रुवारीत, तीन आठवड्यांच्या आत, दोन मूकपट लोकांसमोर आले. पुण्याच्या आर्यन थिएटरात कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ लागला आणि बर्लिनमध्ये ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’. एकात भीम कीचकाचा वध करतो. दुसऱ्यात झोपेत चालणारा एक माणूस खून करत हिंडतो. एकाला दुसऱ्याची गंधवार्ताही नव्हती. पण दोन्ही चित्रपट रंगाऱ्यांच्या हातून आले होते. कॅलिगारीतले वेडेवाकडे रस्ते, भिंती, एवढंच काय, भिंतींवर पडलेल्या सावल्यासुद्धा हरमान वार्म, वॉल्टर राइमान आणि वॉल्टर रोहरिग या तिघांच्या कुंचल्यातून उतरल्या होत्या. ‘सैरंध्री’मागे उभे होते बाबूराव कृष्णराव मेस्त्री. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता त्यांचं मूळ आडनाव मागे पडलं आणि ‘पेंटर’ हेच कायम झालं.

कॅलिगारीपासून निघालेली वाट सगळ्यांना ठाऊक आहे. हिटलर सत्तेवर आला तसे फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक असे दिग्दर्शक युरोप सोडून हॉलिवुडला पोचले. ओल्या रस्त्यावरचा एकच दिवा, खिडकीच्या पट्ट्यांनी चिरलेला चेहरा, स्वतःच्या पायांनी खड्ड्यात जाणारा नायक, ही सगळी त्यांची मिळकत. १९४६ मध्ये पॅरिसच्या नीनो फ्रँक या समीक्षकाने या चित्रपटांना ‘फिल्म न्वार’ म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं. ‘सैरंध्री’पासून निघालेल्या वाटेवर मात्र पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांची एवढी गर्दी झाली, की त्या गर्दीतून एक बोळ काळोखाकडेही जातो हे फारसं कुणी पाहिलं नाही. हाती असलेलं पुस्तक त्या बोळात शिरतं. तो बोळ येऊन थांबतो प्रभात फिल्म कंपनीच्या १९३९ सालच्या ‘माणूस’पाशी.

‘माणूस’ची जुळवाजुळव, त्यातले नट, त्यातला उजेड आणि त्याहून महत्त्वाचा अंधार, यांवरचे लेख कोल्हापुरातल्या काही हौशी आणि चिकट मंडळींनी इथे एकत्र केले आहेत. (चिकट हे मी कौतुकाने म्हणतो आहे. प्रस्तावनेसाठी त्यांनी माझा ज्या पद्धतीने पिच्छा पुरवला, त्यावरून त्यांनी जुने कागद कसे मिळवले असतील याची कल्पना आली.) चित्रपट पुण्यात बनला, मग पुस्तक कोल्हापुरातून कशाला, असं कुणी विचारेल. कोल्हापूरकर जगातल्या प्रत्येक गोष्टीचं मूळ पंचगंगेच्या काठावर शोधतात असा आरोप आहेच, आणि तो बराचसा खरा आहे. तरी या एका बाबतीत पुरावा आपल्या बाजूने आहे.

‘माणूस’चे दिग्दर्शक व्ही. शांताराम यांचा जन्म १९०१ सालचा, कोल्हापूरचा. कलादिग्दर्शक शेख फत्तेलाल, म्हणजे सगळ्यांचे साहेबमामा, कागलचे. विष्णुपंत दामले पेणहून आले, पण घडले इथेच. प्रभात कंपनीची स्थापना १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी असे पाच भागीदार. १९३३ साली कंपनीने बिऱ्हाड पुण्याला हलवलं. म्हणजे ‘माणूस’ बनला तेव्हा ही मंडळी पुणेकर होऊन सहाच वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत कोल्हापूरकराचा पुणेकर होतो असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण जन्मगाव हा पुरावा म्हणून कच्चाच. खरा पुरावा आहे हातांच्या सवयीचा, आणि तो जरा सावकाश सांगायला हवा.

नाटकाचा पडदा रंगवणं म्हणजे काय, हे आज कुणी पाहत नाही. सपाट कापडावर राजवाड्याचा सज्जा रंगवायचा आणि तो थिएटरातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही खोल वाटला पाहिजे. त्यासाठी उजेड कुठून येतो हे रंगाऱ्याला आधी ठरवावं लागतं. एका बाजूचा खांब उजळ, दुसऱ्या बाजूचा काळपट, कमानीच्या आत गडद, जमिनीवर खांबाची लांब सावली. वर किटसन बत्त्यांचा खरा उजेड वेगळाच पडणार, त्याचाही हिशेब त्यातच धरायचा. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू नात्याने चुलत होते. गंधर्व नाटक मंडळी, केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श अशा कंपन्यांसाठी त्यांनी पडदे रंगवले, आणि उजेड ही मांडायची वस्तू आहे हे त्या कामात त्यांच्या अंगात मुरलं. दोघांना चित्रपटाचं वेड लागलं तेव्हा आनंदरावांनी कॅमेराच बनवायला घेतला. १९१६ साली ते गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने तो पुरा केला. तानीबाई कागलकर यांनी पैसा उभा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. त्या कॅमेऱ्याचं स्मारक खरी कॉर्नरला आहे. त्याला वळसा घालून रोज हजारो दुचाक्या जातात.

यानंतर बाबूराव पेंटरांनी जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आयुष्य पडदे रंगवण्यात गेलेल्या या माणसाने चित्रपटातून रंगवलेला पडदा हटवला. रंगवलेल्या भिंतीच्या जागी त्यांनी उभी केलेली भिंत आणली. ज्यात माणसं वावरू शकतील, दारातून आतबाहेर जाऊ शकतील, अशी घरं बांधून घेतली. बर्लिनच्या रंगाऱ्यांनी सावली रंगवली होती. कोल्हापूरच्या रंगाऱ्याने ती पाडायला शिकून घेतलं. मूकपटाच्या त्या दिवसांत चित्रण उन्हात चालायचं. वर पांढरं कापड ताणायचं, बाजूने आरसे आणि चंदेरी फळ्या धरायच्या, ढग आला की सगळ्यांनी विड्या ओढत बसायचं. रात्रीचा प्रसंग असला तरी तोही दिवसाच घ्यायचा. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी ही अडचण फोडली. तानाजीची रात्रीची चढाई त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या उजेडात चित्रित केली. भारतीय चित्रपटात असा प्रयोग पहिल्यांदा झाला तो इथे, असं चित्रपटाचे इतिहासकार नोंदवतात. दिवे हाती आले याचा दुसरा अर्थ असा, की अंधारही हाती आला. उन्हात अंधार करता येत नाही.

त्या ‘सिंहगड’मध्ये शेलारमामाची भूमिका करणारा विशीतला पोरगा म्हणजे शांताराम. पोरवयात त्याने हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केलं होतं, तिथल्याच सिनेमागृहात पडेल ते काम केलं होतं, आणि मग महाराष्ट्र फिल्म कंपनीत तो झाडण्यापासून अभिनयापर्यंत सगळं करत होता. दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्यात कर्जापायी जमीन जाऊन शहराच्या गिरणीत लोटला गेलेला तरुण शेतकरी शांतारामच होता आणि सावकार झुंझारराव पवार. देवादिकांच्या आणि मावळ्यांच्या त्या काळात हा चित्रपट थेट चालू काळातल्या माणसाकडे वळला. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणींतून एक प्रसंग वर्षानुवर्षं फिरत राहिला: मंद उजेडातली एक झोपडी, आणि बाहेर भुंकत-रडत बसलेलं कुत्रं. मूकपटात रडणारं कुत्रं! आवाज नाही आणि तरी ऐकू आल्याचं लोक सांगायचे. तो चित्रपट आज उरलेला नाही. १९३६ मध्ये बाबूरावांनी शालिनी सिनेटोनसाठी तो पुन्हा बोलपट म्हणून केला, पण मूकपटाची कीर्ती त्याला लाभली नाही.

या पुस्तकाच्या पहिल्या भागात त्या झोपडीवर एक सबंध लेख आहे. तो वाचताना वाचक कुरकुर करेल, की मूळ विषयाला कधी येणार. माझं सांगणं असं, की मूळ विषय हाच आहे. ‘माणूस’मधल्या जिन्यावरचा काळोख कुठून आला याचं उत्तर त्या झोपडीत आहे.

दुसरं उत्तर जर्मनीत आहे, हे मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. १९३३ साली प्रभातने ‘सैरंध्री’ नव्याने, तोही रंगीत काढायचं धाडस केलं आणि त्याच्या प्रती जर्मनीत करून घेण्यासाठी शांताराम तिकडे गेले. रंग फसला. पण तिथले स्टुडिओ आणि तिथलं काम डोळ्यांत भरून ते परतले. १९३४ चा ‘अमृतमंथन’ हा पुण्याच्या नव्या स्टुडिओतला पहिला चित्रपट. त्यात राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एकच डोळा सगळा पडदा व्यापून टाकतो. धायबरांनी टेलिफोटो लेन्स लावून टिपलेला तो डोळा आणि भोवतालचा बळीच्या वेदीचा मशालींचा उजेड पाहिला की जर्मनीची यात्रा फुकट गेली नाही हे पटतं. तरी मी म्हणेन, की शांतारामांनी जर्मनीत जे पाहिलं ते ओळखण्याची नजर त्यांना बाबूरावांनी आधीच देऊन ठेवली होती. नाहीतर जर्मनी काय, पुष्कळ लोक जाऊन आले.

याच मुद्द्यावर इतिहासाने एक गंमत करून ठेवली आहे. त्याच वर्षांत मुंबईत खरेखुरे जर्मन बसले होते. बॉम्बे टॉकीजचे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि छायाचित्रकार योसेफ विर्शिंग. ते काय करत होते? १९३६ च्या ‘अछूत कन्या’त मऊ उजेडातलं खेडं, झाडाखाली बसलेले अशोककुमार आणि देविकाराणी. जर्मन माणसं मुंबईत गोड उजेड पाडत होती आणि कोल्हापूरची माणसं पुण्यात मुंबईच्या बदनाम गल्लीचा अंधार बांधत होती. शांतारामांना हा विरोध चांगला ठाऊक असणार, कारण ‘माणूस’मध्ये त्यांनी त्याची उघड टिंगल केली आहे. चित्रपटाचा नायक गणपत आणि नायिका मैना एका मोकळ्या जागी येतात, तिथे एक फिल्म कंपनी चित्रीकरण करत असते, आणि आपले दोघे पडद्यावरच्या त्या लाडिक प्रेमगीताची यथेच्छ नक्कल करतात. प्रेक्षक हसतो. हसता हसता त्याला कळतं, की या दोघांना झाडाखाली बसून गाणं म्हणायची सोय या जगात नाही.

आता कथा. गणपत हा पोलीस शिपाई. धाड पडते तेव्हा त्याला मैना सापडते आणि तो तिला पकडून न देता वाचवतो. ओळख वाढते. तिला त्या वस्तीतून बाहेर काढायचं त्याच्या मनात भरतं. तिला तो आपल्या देवभोळ्या आईसमोर नेतो. मैनेला ते सोसत नाही. आपण या उंबऱ्याच्या लायकीच्या नाही असं तिने स्वतःच ठरवून टाकलेलं असतं आणि ती पळते. तिच्या जिवावर जगणारा मामा पाठ सोडत नाही. शेवटी तिच्या हातून त्याचा खून होतो. गणपत तिला तुरुंगातून सोडवायला तयार असतो. ती नकार देते.

ए. भास्करराव यांची ही कथा. संवाद आणि गीतं अनंत काणेकरांची. ‘चांदरात’ लिहिणाऱ्या कवीला गल्लीबोळातली भाषा लिहायला बसवणं ही निवडच धाडसी होती, आणि काणेकरांनी ती सार्थ केली. त्यांचे संवाद तुटक आहेत, थट्टेखोर आहेत, आणि तेव्हाच्या नाटकी बोलपटांत जे भाषण सुरू व्हायचं ते इथे बहुतेक वेळा सुरू होता होता थांबतं. छायाचित्रण व्ही. अवधूत यांचं. याच माणसाने ‘संत तुकाराम’ टिपला होता. देहूचा स्वच्छ उजेड आणि ‘माणूस’मधला कोंदट बोळ हे एकाच हातचं काम आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो. गल्ली, जिने, खोल्या स्टुडिओत उभारलेल्या. फत्तेलालांनी त्या अशा बांधल्या आहेत, की कॅमेऱ्याला वळायला जागा राहावी आणि माणसाला मात्र राहू नये. मैनेच्या खोलीकडे जाणारा जिना आणि तिथला बोळ चित्रपटात इतक्या वेळा येतात, की त्यांना पात्रांच्या यादीत घालायला हरकत नव्हती. कुणीतरी चढतं, कुणीतरी उतरतं, दार लागतं. गणपत या जिन्यावर पहिल्यांदा येतो तो पोलीस म्हणून. नंतर येतो तो कोण म्हणून, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही.

इथे नटांकडे वळतो, कारण या चित्रपटाची निम्मी करामत नटांच्या निवडीत आहे.

शाहू मोडक अहमदनगरचे, ख्रिस्ती घरातले. १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्यांनी बाळकृष्ण केला आणि तो बोलपट मुंबईत पंचवीस आठवडे चालला. त्यानंतर कृष्ण म्हटलं की मोडक. किती वेळा त्यांनी ती बासरी हातात घेतली याची मोजदाद लोक एकोणतीसपर्यंत नेतात. त्यांचा चेहरा म्हणजे देव्हाऱ्यातला चेहरा. शांतारामांनी त्या चेहऱ्यावर पोलिसाची टोपी चढवली आणि त्याला कोठीच्या जिन्यावर उभा केला. प्रेक्षकाच्या मनात जी चलबिचल व्हायची ती इथेच होऊन जाते, कथेने वेगळं काही करावं लागत नाही. पाच वर्षांनी बिली वाइल्डरने ‘डबल इन्डेम्निटी’साठी हेच केलं. हलक्याफुलक्या विनोदी भूमिकांत रमलेल्या फ्रेड मॅकमरेला त्याने खुनी विमा एजंट केलं, आणि सज्जन दिसणारा माणूस घसरतो तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात जास्त गोळा येतो हे सिद्ध केलं. वाइल्डरने ‘माणूस’ पाहिला असेल असं मी सुचवत नाही. चांगल्या दिग्दर्शकाला ही युक्ती स्वतःची स्वतःला सुचते. पण मोडकांच्या बाबतीत आणखी एक मजा आहे. ‘माणूस’ नंतर लगेच, १९४० मध्ये, दामले-फत्तेलालांनी त्यांनाच ‘संत ज्ञानेश्वर’ केलं. त्याच कंपनीत, त्याच आवारात, पोलिसाचा गणवेश उतरवून माउलींचं उपरणं. प्रेक्षकांनी दोन्ही मानून घेतलं. आजच्या पडद्यावर कुणी करून दाखवावं.

शांता हुबळीकर हुबळीकडच्या, मातृभाषा कानडी. गाणं शिकलेल्या, रंगभूमीवरून आलेल्या. १९३८ च्या ‘माझा मुलगा’मध्ये मोडकांबरोबर त्या होत्याच, पण मैनेने त्यांचं नाव कायमचं केलं. मी ही भूमिका जितक्या वेळा पाहिली तितक्या वेळा मला एकच गोष्ट नव्याने दिसली: बाई कुठेही दया मागत नाहीत. तेव्हाच्या बोलपटांत वेश्या दाखवायची तर ती डोळ्यांत पाणी आणून दाखवायची पद्धत. हुबळीकरांची मैना चेष्टा करते, पानाची पिंक टाकावी तसं वाक्य टाकते, गणपतच्या भाबडेपणाकडे बघून हसते. तिच्या त्या हसण्यामागे दमणूक आहे, पण ती दाखवायला त्या थांबत नाहीत. त्यांच्या बोलण्यातला किंचित कानडी हेल संकलकाने काय किंवा दिग्दर्शकाने काय, घासून टाकला नाही, हे फार बरं झालं. ही बाई कुठूनतरी इथे आली आहे, आणि आली ती स्वतःच्या मर्जीने नव्हे, हे त्या हेलातून आपोआप कळतं.

आणि ते गाणं. उद्याची काळजी झटकून टाकणारं, मास्तर कृष्णरावांच्या चालीतलं ते गाणं मैना कोठीवर आलेल्या निरनिराळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांसमोर निरनिराळ्या भाषांत गाते. मराठी घरांत ते आजही गुणगुणलं जातं, लग्नकार्यातही, आणि ते मूळ कुठे, कुणासमोर गायलं गेलं याचा गाणाऱ्याला पत्ता नसतो. पडद्यावर मात्र त्यातली कडवट गोष्ट लपत नाही. भाषा बदलते, वेश बदलतो, समोरचा माणूस तोच राहतो. सगळा हिंदुस्थान एका खोलीत गोळा करायचा आणि तो गिऱ्हाईक म्हणून, हे १९३९ सालच्या देशभक्तीच्या वातावरणात केवढं तिखट होतं! हुबळीकरांनी पुढे आपल्या आत्मकथनाला त्याच गाण्याचं नाव दिलं. पडद्यापासून दूर गेल्यावर त्यांच्या वाट्याला जे दिवस आले ते ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे नाव वाचताना बरं वाटत नाही.

गणपतची आई झालेल्या सुंदराबाईंची निवड मला सगळ्यांत धूर्त वाटते. सुंदराबाई जाधव म्हणजे लावणी आणि गजल गाजवलेल्या, ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून घराघरांत पोचलेल्या गायिका. बैठकीच्या गाण्याचं जग आतून जाणणारी ही बाई चित्रपटात तुळशीपुढे बसणारी सोवळी आई करते, आणि मैना तिच्यासमोर अवघडते. १९३९ च्या प्रेक्षकाला सुंदराबाई कोण हे ठाऊक होतं. दोन बायकांपैकी गाण्याच्या बैठकीचा अनुभव खरा कुणाचा, हेही ठाऊक होतं. तरीही तो प्रसंग हास्यास्पद होत नाही, याचं श्रेय सुंदराबाईंच्या बोलण्यातल्या मार्दवाला. चहाच्या दुकानातला पोऱ्या झालेला राम मराठे नावाचा मुलगा आदल्या वर्षी ‘गोपालकृष्ण’मध्ये कृष्ण होता आणि पुढे मोठा शास्त्रीय गायक झाला. म्हणजे एका चित्रपटात दोन कृष्ण, एक पोलीस आणि एक चहावाला. प्रभातला देवांची टंचाई कधीच नव्हती.

एवढं सगळं सांगून झाल्यावर ‘माणूस’ला न्वार म्हणावं का? संपादकांनी म्हटलं आहे, आणि मी त्यांना पुरता पाठिंबा देऊ शकत नाही. खून आहे, रात्र आहे, बदनाम वस्ती आहे, कायद्याचा माणूस कायद्याच्या रेषेवर डगमगतो आहे, इथपर्यंत ठीक. पण अमेरिकन न्वारमध्ये बहुतेकदा बाई पुरुषाला ओढून नेते. ‘डबल इन्डेम्निटी’ची बार्बरा स्टॅनविक आठवा. ‘माणूस’मध्ये उलट चाललं आहे. पुरुष बाईला वर ओढतो आहे आणि तिच्या पायाला लागलेली ओढ त्याच्यापेक्षा जोरदार आहे. ही ओढ कुठल्या एका दुष्टाची नाही. मामा आहे, पण मामा हा निमित्तमात्र. आईच्या घरातला देव्हारा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर, मैनेच्या स्वतःच्या मनातला हिशेब, हे सगळं मिळून ती ओढ झाली आहे. न्वारमधल्या शहराला सहसा जात, देव्हारा आणि शेजार नसतो. इथे आहे, आणि म्हणून इथला काळोख दिवसाही जात नाही. आईच्या घरातला प्रसंग उजेडात घेतला आहे आणि मैनेची सगळ्यांत मोठी कोंडी तिथेच होते. रात्रीच्या जिन्यावर ती वाघीण असते.

दुसरा फरक शांतारामांच्या स्वभावातला. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने, प्रमथेश बरुआंच्या दिग्दर्शनात, ‘देवदास’ काढला आणि देशभरची तरुण पोरं दारूच्या पेल्यात प्रेम बुडवून मरण्याची स्वप्नं पाहू लागली. शांतारामांना याची चीड होती. ‘माणूस’ हे त्यांनी त्याला दिलेलं उत्तर आहे, असं सर्वत्र सांगितलं जातं आणि चित्रपट पाहिला की ते पटतं. म्हणून गणपत मोडतो, पण मरत नाही. खऱ्या न्वारने त्याला एवढी सवलत दिली नसती. लांगने किंवा वाइल्डरने त्याला त्याच जिन्यावर गोळी घातली असती. शांतारामांना काळोख रंगवायला आवडतो आणि त्यात कायमचं राहायला आवडत नाही. काहींना ही त्यांची मर्यादा वाटते. मला ती निम्मी मर्यादा आणि निम्मी हिंमत वाटते, आणि कुठली निम्मी कधी जास्त होते हे प्रत्येक वेळी वेगळं ठरतं.

प्रभातची हिंदी आवृत्तीही त्याच वेळी निघाली, ‘आदमी’ या नावाने. तिथे गणपतचा मोती होतो आणि मैनेची केसर. नट तेच, जिना तोच. ज्यांना तुलना करायची हौस आहे त्यांनी जरूर करावी. मला मराठीच बरी वाटते, कारण काणेकरांची थट्टा हिंदीत निम्म्या वाटेवर दमते. चित्रपट आला त्या साली युद्ध पेटलं. बॉम्बे टॉकीजच्या जर्मनांना इंग्रज सरकारने शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध केलं. ज्यांच्या गोड उजेडाची ‘माणूस’ने टर उडवली होती, त्यांच्यावर हा प्रसंग यावा याला काय म्हणावं.

यानंतर मराठी पडद्यावर हा काळोख फारसा टिकला नाही. शांतारामांनी १९४२ च्या सुमारास प्रभात सोडली आणि मुंबईत स्वतःचा संसार थाटला, आणि उजेड, रंग, नृत्य यांकडे त्यांचा ओढा वाढत गेला. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत शिवकालाचे घोडे दौडू लागले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो स्टुडिओ पेटला, पुन्हा उभा राहिला. पुढे तमाशापटांचा जमाना आला आणि कोल्हापूर म्हणजे फेटा, ढोलकी आणि पाटलाचा वाडा असं समीकरण पक्कं झालं. मध्ये एकदा १९६४ साली राजा परांजप्यांनी ‘पाठलाग’ काढला, काशिनाथ घाणेकर आणि भावना यांना घेऊन. त्यातल्या रहस्याची हिंदीवाल्यांना एवढी भूल पडली की दोनच वर्षांत त्याचा ‘मेरा साया’ झाला. पण ‘पाठलाग’मधला अंधार प्रेक्षकाला चकवण्यासाठी आहे. ‘माणूस’मधला तसा नाही, त्यात लपवलेलं काहीच नसतं, खून कुणी केला हे आपल्याला ठाऊक असतं.

शेवटी एका मतभेदाची नोंद करून थांबतो. मैना तुरुंगातून सुटायला नकार देते, हा शेवट संपादकांना तिच्या स्वाभिमानाचा कळस वाटतो. पुस्तकात तसं दोन ठिकाणी छापलं आहे. मला त्यात दिग्दर्शकाचा हात दिसतो. तिने नकार दिला की गणपतच्या आईच्या घराला बट्टा लागत नाही, गणपतला नोकरीवर परत जाता येतं आणि प्रेक्षकाला डोळे पुसून घरी जाता येतं. सगळ्यांची सोय होते आणि तिची किंमत ती एकटी मोजते. हुबळीकर तो नकार ज्या कोरडेपणाने देतात त्यावरून मला वाटतं, की त्यांनाही हे कळलं होतं आणि त्यांनी संवादाच्या अर्थाविरुद्ध चेहरा ठेवला. संपादकांपैकी एका ताईंनी माझं हे म्हणणं खोडून काढायला शेवटचा लेख नव्याने लिहिला आहे. चांगलाच झणझणीत उतरला आहे. वाचकाने हवं तर तोच आधी वाचावा.